अंतुले, सिमेंट आणि न्यायालयं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अ. र. अंतुले यांचा विषय निघाला की महाराष्ट्रात हमखास दोन वाक्यं ऐकू येतात. एक, 'हायकोर्टाने त्यांना भ्रष्टाचारात दोषी ठरवलं होतं.' दुसरं, 'सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्ये त्यांना निर्दोष सोडलं.' दोन्ही वाक्यं चुकीची आहेत, आणि ती बोलणारे बहुतेक जण प्रामाणिकपणे बोलत असतात. हे प्रकरण ज्यांनी पाहिलं त्यांना सगळा क्रम आठवत नाही, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यापर्यंत ते अफवेसारखं पोहोचलं आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांना मात्र 'अंतुले' हे नाव पाठ असतं, कारण या एका माणसाच्या खटल्यातून सर्वोच्च न्यायालयाचे निदान पाच महत्त्वाचे निकाल आले. लोक जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

हे प्रकरण नेमकं कशाचं होतं?

अब्दुल रहमान अंतुले ९ जून १९८० रोजी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या काळात काही सार्वजनिक ट्रस्ट उभे राहिले. त्यातला सर्वांत गाजलेला म्हणजे इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. या ट्रस्टना बिल्डरांनी आणि साखर कारखान्यांनी देणग्या दिल्या. आरोप असा होता की या देणग्या मनाने दिलेल्या नव्हत्या. सरकारच्या हातात असलेली वस्तू किंवा परवानगी मिळवण्याची ती किंमत होती. बिल्डरांच्या बाबतीत ती वस्तू होती सिमेंट. म्हणून लोक याला आजही 'सिमेंट प्रकरण' म्हणतात.

सिमेंटच्या गोणीसाठी कुणी लाखांच्या देणग्या कशाला देईल?

आज कोपऱ्यावरच्या दुकानात हव्या तेवढ्या गोण्या मिळतात, त्यामुळे तरुण वाचकांना हे पटकन पटत नाही. त्या वेळी सिमेंट हा नियंत्रित माल होता. भाव सरकार ठरवायचं आणि वाटपही सरकार करायचं. केंद्राकडून राज्याला कोटा यायचा आणि राज्याचं पुरवठा खातं तो पुढे वाटायचं. घराची गच्ची घालायची तरी अर्ज, परमिट आणि वाट पाहणं आलंच. मागणी अफाट आणि पुरवठा तुटपुंजा. त्यामुळे नियंत्रित भावाने मिळालेली गोणी आणि काळ्या बाजारातली गोणी यांच्या किमतीत मोठी तफावत असायची.

मुंबईतल्या बिल्डरला टॉवर उभा करायचा असेल तर त्याला गोण्या हजारोंनी लागायच्या. नियंत्रित भावाचा मोठा कोटा ज्याला मिळाला त्याचा फायदा जागेवरच ठरलेला होता. तो कोटा कुणाला द्यायचा हे ठरवणारी सही सरकारात होती. नेहमीच्या वाटपाखेरीज खास बाब म्हणून कोटा मंजूर करण्याचीही सोय होती, आणि सगळा वाद याच खास वाटपावरून झाला.

फेब्रुवारी १९८२ च्या अखेरीस केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं आणि मार्च १९८९ मध्ये पूर्णपणे काढून टाकलं. ज्या टंचाईवर हे सगळं उभं होतं ती पुढे ओसरली. पण टंचाई, परमिट आणि सही एका हातात आली की काय होतं हे या प्रकरणाइतकं स्वच्छ दुसऱ्या कुठल्या प्रकरणात दिसत नाही, असं माझं मत आहे.

प्रतिष्ठानाचा हेतू काय होता? तो वाईट होता का?

कागदावरचा हेतू चांगलाच होता. गरजू आणि गुणी साहित्यिक-कलावंतांना मदत करायची. हेतूबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पैसा कसा उभा राहिला आणि त्यावर ताबा कुणाचा, हा प्रश्न होता. पुढे फिर्यादीत मांडलेलं म्हणणं असं होतं, की मुख्यमंत्रिपदाचा वापर करून लोकांकडून पैसा गोळा करायचा आणि तो वाटण्याचे अधिकार मुख्यतः स्वतःच्या हाती ठेवायचे, अशी ही योजना होती.

प्रकरण बाहेर कसं आलं?

३१ ऑगस्ट १९८१ रोजी इंडियन एक्सप्रेसमध्ये पत्रकार अरुण शौरी यांचा सविस्तर लेख आला. ट्रस्ट, देणगीदार आणि सरकारी निर्णय यांची सांगड त्यात घातली होती. संसदेत गदारोळ झाला, कारण नाव पंतप्रधानांचं होतं. दुसऱ्याच दिवशी, १ सप्टेंबरला, भाजपचे रामदास नायक यांनी राज्यपालांना पत्र लिहून मुख्यमंत्र्यांवर खटला भरण्याची मंजुरी मागितली. इथून दोन वेगवेगळ्या वाटा सुटल्या. एक उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेची, म्हणजे सरकारी निर्णयाला आव्हान देणाऱ्या अर्जाची, दुसरी फौजदारी खटल्याची. बहुतेक गैरसमज या दोन वाटा एकत्र केल्यामुळे होतात, म्हणून पुढची उत्तरं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

१२ जानेवारी १९८२ ला मुंबई उच्च न्यायालयाने अंतुले यांना दोषी ठरवलं, हे खरं ना?

नाही. हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. अगदी मोठ्या वृत्तसंस्थांच्या मृत्युलेखांतही तो डोकावला.

त्या दिवशी न्या. बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला तो रिट याचिकेवर. याचिका जनता पक्षाचे प. बा. सामंत आणि इतरांची होती. सिमेंटचं खास वाटप मनमानी आहे, देणगी पाहून केलं आहे, म्हणून ते बेकायदा ठरवावं, असं त्यांचं म्हणणं. न्या. लेंटिन यांनी कागदपत्रं तपासली आणि देणग्या व सिमेंट वाटप यांचा परस्परसंबंध असल्याचा निष्कर्ष काढला. निष्कर्ष गंभीर होता आणि एका मुख्यमंत्र्याच्या कारभाराबद्दल इतक्या स्पष्ट शब्दांत तो क्वचितच नोंदवला गेला आहे.

पण रिट याचिकेत आरोपी नसतो. दोषारोप ठेवले जात नाहीत, पुरावा फौजदारी कसोटीवर तपासला जात नाही, शिक्षा होत नाही. सरकारचा निर्णय कायद्याला धरून होता की नाही, एवढंच तिथे ठरतं. त्यामुळे 'हायकोर्टाने सरकारी वाटपावर ठपका ठेवला' हे बरोबर, आणि 'हायकोर्टाने भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं' हे साफ चूक.

हेच न्या. लेंटिन पुढे जे. जे. रुग्णालयातल्या भेसळयुक्त ग्लिसरॉल प्रकरणाच्या चौकशी आयोगाचे प्रमुख होते. त्या अहवालाची झळही मंत्र्यापर्यंत पोहोचली. एकाच न्यायाधीशाच्या कारकिर्दीत अशी दोन कामं येणं ही महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातली मोठी गोष्ट आहे.

दोषी ठरले नाहीत तर राजीनामा कशाला दिला?

उच्च न्यायालयाच्या निकालाचा मान राखून, असं त्याचं कारण नोंदवलं गेलं. राजीनामा निकालाच्याच दिवशी दिला. काही दिवसांत बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. अंतुले आमदार म्हणून कायम राहिले, आणि त्या आमदारकीने पुढे खटल्याला मोठं वळण दिलं.

फौजदारी खटला कुणी भरला? पोलिसांनी की सीबीआयने?

दोघांनीही नाही. रामदास नायक यांनी खाजगी फिर्याद दाखल केली. ११ सप्टेंबर १९८१ रोजी ते मुंबईच्या मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांपुढे गेले. लाच घेणं, खंडणी, फसवणूक, कट आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखालचे गुन्हे, अशी कलमं त्यांनी लावली होती.

मुख्यमंत्र्याच्या हाताखालचं पोलीस खातं मुख्यमंत्र्यावर गुन्हा नोंदवेल, ही अपेक्षा तेव्हाही कुणी धरली नव्हती. म्हणून सामान्य नागरिक थेट न्यायालयात जाऊ शकतो का, हा प्रश्न कळीचा झाला. अंतुले यांच्या बाजूचं म्हणणं असं की भ्रष्टाचाराच्या गुन्ह्याचा तपास ठरावीक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यानेच करायचा असतो, तेव्हा असे खटले चालवणाऱ्या विशेष न्यायाधीशाला परस्पर खाजगी फिर्याद घेता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १६ फेब्रुवारी १९८४ रोजी ते फेटाळलं. कायद्याने स्पष्ट मनाई केली नसेल तर गुन्ह्याची दाद कुणीही मागू शकतो, हे तत्त्व तिथे ठामपणे मांडलं गेलं. या प्रकरणातून सामान्य माणसाच्या हाती काय आलं असं मला कुणी विचारलं, तर मी याच निकालाकडे बोट दाखवेन. २०१२ मध्ये टू-जी प्रकरणात सुब्रमण्यम स्वामी यांच्या बाजूने निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने त्याचाच आधार घेतला.

खटल्याला 'मंजुरी' कशासाठी लागते?

काम करणाऱ्या अधिकाऱ्याला किंवा मंत्र्याला कुणीही उठून खोट्या खटल्यात अडकवू नये म्हणून. त्या वेळी १९४७ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ६ लागू होतं. पदावरून दूर करण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्याची मंजुरी असल्याशिवाय न्यायालयाने दखल घ्यायची नाही, असा नियम. दंडाधिकाऱ्यांनी मुख्य कलमांची दखल याच कारणाने घेतली नाही, आणि उच्च न्यायालयानेही एप्रिल १९८२ मध्ये मंजुरी हवीच असं सांगितलं.

नियमामागचा हेतू योग्य आहे. पण जिथे मंजुरी देणारे आणि आरोपी एकाच घरातले असतात तिथे हे संरक्षण तटबंदी बनतं. पुढचा प्रश्न त्याबद्दलच आहे.

मुख्यमंत्र्यावर खटला भरायचा तर राज्यपाल मंत्रिमंडळाचाच सल्ला घेणार का?

एरवी राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. पण इथे तसं झालं तर मुख्यमंत्र्याचेच सहकारी त्याच्यावर खटला भरायचा की नाही हे ठरवणार. उच्च न्यायालयातल्या सुनावणीत याबाबत एक गोष्ट मान्य करण्यात आली, आणि न्यायमूर्तींनी ती निकालपत्रात लिहून ठेवली : अशा वेळी औचित्य म्हणून राज्यपालांनी स्वतःच्या विवेकाने निर्णय घ्यावा, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने नव्हे.

मग राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि अशी कबुली दिलीच नव्हती, असा पवित्रा घेतला. सर्वोच्च न्यायालयाने तो प्रयत्न तिथेच थांबवला. न्यायालयात काय घडलं याबाबत न्यायाधीशांनी निकालपत्रात लिहिलेलं अंतिम मानायचं. वकिलाने किंवा पक्षकाराने नंतर वरच्या न्यायालयात येऊन 'आम्ही तसं म्हटलंच नव्हतं' असं सांगायचं नाही. काही चुकलं असेल तर आठवण ताजी असताना त्याच न्यायाधीशांकडे जायचं. देशभरातल्या न्यायालयांत आजही हा निकाल सर्रास दाखवला जातो, आणि दाखवणाऱ्या कितीतरी वकिलांना त्याचं मूळ सिमेंट प्रकरणात आहे हे माहीत नसतं.

तारीख होती २८ जुलै १९८२. त्याच दिवशी राज्यपाल, एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ, यांनी मंजुरी दिली, पण तीन विषयांशी संबंधित पाच बाबींपुरतीच. बाकी सगळ्या बाबींना त्यांनी नकार दिला. ही गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो. 'राज्यपालांनी मंजुरी दिली' आणि 'राज्यपालांनी मंजुरी नाकारली' ही दोन्ही विधानं करणारी माणसं खरं बोलत असतात.

राज्यपालांच्या स्वतंत्र विवेकाचं तत्त्व पुढे २००४ मध्ये मध्य प्रदेशातल्या मंत्र्यांच्या प्रकरणात घटनापीठाने पक्कं केलं.

आमदार लोकसेवक आहे की नाही, हा वाद कुठून आला?

मंजुरी मिळाल्यावर नायक यांनी ९ ऑगस्ट १९८२ रोजी विशेष न्यायाधीशांपुढे नवी फिर्याद केली. पुढे विशेष न्यायाधीश म्हणून आलेल्या आर. बी. सुळे यांनी २५ जुलै १९८३ ला, खटला चालण्याआधीच, अंतुले यांना दोषमुक्त केलं. कारण पुराव्याचं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की अंतुले आता मुख्यमंत्री नसले तरी आमदार आहेत, आमदार हाही लोकसेवक आहे, आणि आमदार म्हणून लागणारी मंजुरी घेतलेली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी १९८४ च्याच दिवशी, दुसऱ्या निकालात, हे रद्द केलं. दोन गोष्टी ठरल्या. पहिली : भारतीय दंड संहितेच्या कलम २१ प्रमाणे आमदार लोकसेवक नाही, कारण त्याला वेतन मिळत असलं तरी तो 'सरकारचा' पगारी माणूस नव्हे. दुसरी, माझ्या मते जास्त मोलाची : ज्या पदाचा गैरवापर केल्याचा आरोप आहे ते पद सुटलं असेल तर मंजुरीची गरज नाही. माणूस उद्या दुसऱ्या खुर्चीवर बसला म्हणून जुन्या खुर्चीतल्या कृत्याला नवं कवच मिळत नाही.

पहिली गोष्ट पुढे बदलली. १९८८ चा नवा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आला, त्यात लोकसेवकाची व्याख्या रुंद झाली, आणि १९९८ मध्ये नरसिंह राव यांच्या झारखंड मुक्ती मोर्चा लाच प्रकरणात खासदार-आमदार हे लोकसेवकच आहेत असं ठरलं.

पैसा ट्रस्टला गेला, अंतुल्यांच्या खिशात नाही. मग लाच कशी म्हणायची?

त्यांच्या समर्थकांचा हा सर्वांत जोरदार मुद्दा होता, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ट्रस्टच्या नावाने आलेली देणगी आणि टेबलाखालून दिलेलं पाकीट यांत सामान्य माणूस फरक करतोच.

पण भारतीय दंड संहितेच्या जुन्या कलम १६१ ची भाषा पाहा. सरकारी काम करण्यासाठी कायदेशीर मेहनतान्याखेरीज काही घेणं हा गुन्हा, मग ते 'स्वतःसाठी' असो वा 'दुसऱ्या कोणासाठी'. म्हणजे पैसा कुणाच्या खात्यात पडला यावर गुन्हा अवलंबून नाही. सरकारी निर्णयाच्या बदल्यात तो मागितला का, हे पाहायचं. शाळेसाठी, देवळासाठी, कलावंतांसाठी मागितला तरी बदल्यात परमिट दिलं तर कलम लागू शकतं. अमुक बिल्डरला कोटा देणगीमुळे मिळाला, की त्याने देणगी दिली आणि कोटा त्याला नियमाने मिळणारच होता, हे मात्र प्रत्येक व्यवहारात पुराव्याने सिद्ध करावं लागतं. त्यासाठीच खटला चालायला हवा होता.

खंडणीच्या आरोपाचं उत्तर मात्र १९८६ मध्ये मिळालं. साखर कारखान्यांना धमकी देऊन पैसे उकळले असं दाखवणारा पुरावा नाही, म्हणून ते कलम लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. कारखान्यांची कामं सरकारात अडकली होती आणि त्यांना देणगी द्यायला लावलं, एवढ्याने खंडणी होत नाही. लाचेचे आरोप मात्र प्रथमदर्शनी टिकतात असं तिथेच ठरलं.

खटला उच्च न्यायालयात चालला ना? साक्षीदार तपासले ना? मग त्याचं काय झालं?

इथे सगळ्यात मोठी वेदना आहे.

१९८४ च्या फेब्रुवारीत घटनापीठाने आणखी एक आदेश दिला होता. अडीच वर्षं झाली, एका मुख्यमंत्र्याच्या सचोटीवर सावट आहे आणि खटला इंचभरही पुढे गेलेला नाही, अशी खंत व्यक्त करून न्यायालयाने तो खटला, आणि त्यासोबतचा आणखी एक, विशेष न्यायाधीशांकडून काढून मुंबई उच्च न्यायालयाकडे सोपवला. विद्यमान न्यायमूर्तींनी तो रोजच्या रोज चालवावा असं सांगितलं. हेतू लवकर न्याय हाच होता. कुणी मागितलं नसताना न्यायालयाने आपणहून हे केलं.

काम सुरू झालं. आधी न्या. एस. एन. खत्री, मग न्या. डी. एन. मेहता. फिर्यादीकडून ५७ साक्षीदार तपासले गेले. ४३ दोषारोपांचा मसुदा फिर्यादीने दिला होता, न्या. मेहता यांनी २१ ठेवले आणि २२ नाकारले. नायक सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल १९८६ मध्ये नाकारलेल्या आरोपांपैकी बहुतेक ठेवण्याचा आदेश झाला आणि पुढचं काम दुसऱ्या न्यायमूर्तींकडे गेलं. न्या. पी. एस. शाह यांनी २४ जुलै १९८६ रोजी ७९ दोषारोप निश्चित केले.

मग अंतुले यांनी मुळावरच बोट ठेवलं. १९५२ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाप्रमाणे असे खटले फक्त विशेष न्यायाधीशच चालवू शकतो. मग सर्वोच्च न्यायालयाने तो उच्च न्यायालयाकडे दिलाच कसा? सात न्यायमूर्तींचं पीठ बसलं. नायक यांची बाजू राम जेठमलानी यांनी लढवली. २९ एप्रिल १९८८ रोजी बहुमताने निकाल लागला : १९८४ चा तो आदेश चुकीचा होता. कायद्याने ठरवलेलं न्यायालय बदलण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयालाही नाही. एका आरोपीला इतरांपेक्षा वेगळी वागणूक मिळाली. शिवाय विशेष न्यायाधीशाने शिक्षा केली असती तर उच्च न्यायालयात अपिलाची एक पायरी मिळाली असती, ती पायरीच काढून घेतली गेली. न्यायालयाच्या चुकीचा फटका पक्षकाराला बसता कामा नये, म्हणून तो आदेश रद्द आणि त्याच्या आधारावर झालेली कारवाईही रद्द. ५७ साक्षीदारांची साक्ष, ७९ दोषारोप, चार वर्षं, सगळं पुसलं गेलं.

न्या. एम. एन. व्यंकटचलय्या यांचं भिन्नमत आवर्जून वाचावं असं आहे. त्याच दोन पक्षांमध्ये अंतिम झालेला आदेश पुन्हा उघडता येणार नाही, नाहीतर निकालांना अंतिमता कशी उरेल, हा त्यांचा प्रश्न. मला कायद्याच्या दृष्टीने बहुमत पटतं. आरोपी कितीही मोठा वा नावडता असो, त्याच्यासाठी वेगळं न्यायालय नको. पण १९८४ मध्ये घाई करून घेतलेला तो निर्णय घेतलाच नसता, तर विशेष न्यायाधीशांकडेच खटला चालून आपल्याला उत्तर मिळालं असतं, ही हळहळ कायम राहते.

म्हणजे १९८८ ला सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं?

नाही. तो निकाल कोणत्या न्यायालयाने खटला चालवावा याबद्दल होता. आरोप खरे की खोटे यावर त्यात एक शब्दही नाही. खटला पुन्हा कायद्याप्रमाणे विशेष न्यायाधीशाकडे जावा, असाच त्याचा परिणाम होता.

इतकी वर्षं गेली म्हणून खटला रद्द झाला का?

ती मागणी झाली. जलद सुनावणीचा हक्क राज्यघटनेच्या २१ व्या कलमात येतो, माझ्या बाबतीत तो मोडला, म्हणून कारवाई रद्द करा, असं अंतुले यांचं म्हणणं. १० डिसेंबर १९९१ रोजी घटनापीठाने निकाल दिला, तो न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांनी लिहिला. जलद सुनावणी हा प्रत्येक आरोपीचा मूलभूत हक्क आहे, तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर तो लागू होतो, पण त्याला ठरावीक वर्षांची मुदत लावता येणार नाही. उशीर कुणामुळे झाला, गुन्ह्याचं स्वरूप काय, न्यायालयांवर किती भार आहे, हे सगळं पाहून ठरवायचं. या कसोटीवर अंतुले यांची मागणी मान्य झाली नाही, कारण बराचसा वेळ वरच्या न्यायालयांतल्या मधल्या वादांत गेला होता.

तुरुंगात वर्षानुवर्षं खितपत पडलेल्या गरीब कच्च्या कैद्याचा वकील आज जलद सुनावणीचा हक्क मागतो तेव्हा तो याच निकालावर उभा असतो.

अंतुले यांना अखेर शिक्षा झाली का?

कोणत्याही न्यायालयाने त्यांना शिक्षा सुनावली नाही. निवडणूक लढवण्यावरही कधी बंदी आली नाही. ते पुढे लोकसभेवर निवडून गेले, १९९५ मध्ये केंद्रात आरोग्यमंत्री झाले आणि २००६ ते २००९ या काळात अल्पसंख्याक व्यवहार मंत्री होते. २ डिसेंबर २०१४ रोजी त्यांचं निधन झालं.

एवढं होऊनही कोकणातले लोक त्यांना निवडून का देत राहिले?

कारण लोकांच्या हिशेबात एकच खातं नसतं. निराधारांना दरमहा मदत देणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्या काळातली. आज खेड्यातली विधवा बाई तहसील कचेरीत ज्या योजनेचे कागद घेऊन उभी असते, ती हीच. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते १९८१ मध्ये, सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हेही त्याच वर्षी झाले. फायलीवर बसून न राहता निर्णय घेणारा मुख्यमंत्री, अशी त्यांची ख्याती होती आणि ती खोटी नव्हती.

ज्या झटपट सहीचं कौतुक होतं तीच सही सिमेंटच्या फायलीवरही होती, असं टीकाकार म्हणायचे. दोन्ही बाजू एकाच माणसाच्या आहेत. निराधार योजनेसाठी आदर बाळगणाऱ्याने सिमेंटचा विषय टाळायची गरज नाही, आणि सिमेंटबद्दल संताप असणाऱ्याने ती योजना नाकारायची गरज नाही.

फिर्यादी रामदास नायक यांचं पुढे काय झालं?

ते मुंबई भाजपचे अध्यक्ष होते. ऑगस्ट १९९४ मध्ये वांद्र्यात त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली. ही हत्या टोळीयुद्धाच्या काळातली. तिचा सिमेंट प्रकरणाशी संबंध जोडणारे संदेश अधूनमधून फिरतात, ते पुढे पाठवू नका.

आज असं प्रकरण घडलं तर नागरिकाला नायक यांच्यासारखं थेट न्यायालयात जाता येईल का?

दार उघडं आहे, पण उंबरठा वाढला आहे. २०१८ च्या दुरुस्तीने तीन गोष्टी बदलल्या.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७अ आलं. मंत्र्याने किंवा अधिकाऱ्याने पदाच्या कामात घेतलेल्या निर्णयाबद्दल पोलिसांना चौकशी सुरू करायलाच आधी सरकारची परवानगी लागते. रंगेहाथ पकडलं तर नाही. पण सिमेंट वाटपासारखं प्रकरण, जिथे सगळा पुरावा फायलीतल्या टिपणीत असतो, ते नेमकं या कलमात अडकतं.

खाजगी माणसाला खटल्याची मंजुरी मागायची तर आधी न्यायालयात फिर्याद करावी लागते आणि न्यायालयाने ती फेटाळलेली नसावी लागते. मंजुरीवर तीन महिन्यांत, फार तर आणखी एका महिन्यात, निर्णय कळवायचा असंही लिहिलं आहे. ही मुदत चांगली आहे, पाळली गेली तर.

आणि तिसरी, जी मला सर्वांत जास्त खटकते. पद सोडलेल्या माणसासाठीही, त्या पदावरच्या कृत्याबद्दल, आता मंजुरी लागते. १९८४ मध्ये घटनापीठाने सांगितलं होतं की खुर्ची गेली की कवच गेलं. ते कवच संसदेने कायदा करून परत दिलं. आज अंतुले प्रकरण जसंच्या तसं घडलं, मुख्यमंत्र्याने निकालाच्या दिवशी राजीनामा दिला, तरी फिर्यादीला मंजुरीसाठी पुन्हा राज्यपालांची पायरी चढावी लागेल.